जुनी गाडी, लांबचा पल्ला : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकातील एका छोट्या टिपणात मंगोल रॅलीची ओळख करून दिली होती. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात हौशी मंडळी स्वस्तातली, लहान इंजिनाची जुनी गाडी घेऊन युरोपातून मंगोलियाच्या दिशेने निघतात, एवढेच त्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांची संख्या पाहता या महिन्याचे संपूर्ण सदर याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी मँचेस्टरला नोकरी करते. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी पाचशे पौंडांत घेतलेली जुनी निसान मायक्रा घेऊन मंगोल रॅलीच्या वाटेने जाण्याचे ठरवत आहेत. ही शर्यत आहे का? एवढ्या लांब जायचेच तर धड गाडी का घेत नाहीत? आई म्हणून मी कशाची काळजी करावी आणि कशाची करू नये? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

ताई, आधी शर्यतीची शंका दूर करतो. ही शर्यत नाही. वेळ मोजली जात नाही, पहिल्या क्रमांकाला बक्षीस नसते, रस्ता ठरवून दिलेला नसतो आणि गाडी बंद पडली तर मागून मदतीची गाडीही येत नाही. आयोजक सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाण सांगतात, मधला मार्ग ज्याने त्याने शोधायचा. गाडीचे इंजिन एक लिटरपेक्षा मोठे नसावे आणि प्रत्येक संघाने किमान एक हजार पौंड धर्मादाय कामासाठी गोळा करावेत, हे दोन नियम मात्र गेली बरीच वर्षे आहेत. पहिल्या वर्षी सहा गाड्या निघाल्या आणि चार पोहोचल्या, पण पुढच्या दोनच वर्षांत संघांची संख्या दीडशेच्या वर गेली. आधी शेवट मंगोलियाची राजधानी उलानबातरला होत असे, नंतर तो रशियातील उलान-उदे येथे नेला गेला. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियातून जाणे बहुतेकांसाठी अवघड झाले, त्यामुळे मुलीने कुठलीही जुनी माहिती प्रमाण न मानता आयोजकांची त्या वर्षाची नियमावलीच वाचावी.

"धड गाडी का घेत नाहीत" या आपल्या प्रश्नात सगळ्या पालकांच्या मनातले आले आहे. त्याचे उत्तर मी जरा विस्ताराने देतो, कारण या प्रवासाचा सगळा अर्थ मला त्यात दिसतो. नव्या, महागड्या गाडीत बिघाड कमी होतात हे खरे, पण जो एखादा बिघाड होतो तो दुरुस्त करायला संगणक जोडावा लागतो, सुटा भाग मागवावा लागतो आणि तोवर गाडी जागची हलत नाही. साध्या जुन्या गाडीत बिघाड जास्त होतात, पण ते पाना, हातोडी आणि वेल्डिंग जाणणाऱ्या माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसतात, आणि असा माणूस जगातल्या प्रत्येक मोठ्या गावात असतो.

माझ्याकडे बरीच वर्षे प्रीमियर पद्मिनी होती. एकदा चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी खालून दगड लागला आणि पेट्रोलच्या टाकीच्या सांध्यातून थेंब पडू लागले. जवळच पंक्चर काढणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी मला गाडीपासून दहा पावले दूर उभे केले, कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा पाण्यात बुडवून बोटांनी कणकेसारखा मळला, आडवे पडून अंगठ्याने तो सांध्यावर तिरका दाबत नेला आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून तो लेप टिकतो. त्या लेपावर मी कराड गाठले आणि दुसऱ्या दिवशी टाकी उतरवून सांध्यावर धातूचा डाग लावून घेतला. आपल्या मुलीच्या मायक्राला कझाकस्तानात असे कोणीतरी भेटेल, आणि भाषा येत नसली तरी त्याला गाडीचे दुखणे कळेल. स्वस्त गाडी घेण्यामागे पैशाची बचत असतेच, पण त्याहूनही जास्त ही सोय असते.

आता काळजीविषयी. वाळवंट, लांडगे, दरोडेखोर यांची काळजी आपण करू नये. काळजी करावी ती थकव्याची आणि रात्रीच्या वाहतुकीची. हा प्रवास साधारण सोळा हजार किलोमीटरचा असतो. सहा आठवडे हाताशी धरले आणि सीमेवरचे खोळंबे, दुरुस्ती आणि विश्रांती यांत दहा दिवस गेले, तर उरलेल्या दिवसांत रोज सरासरी पाचशे किलोमीटर गाडी हाकावी लागते. मध्य आशियातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी चाळीसचा वेग मिळाला तर पाचशे किलोमीटरला बारा तासांहून जास्त लागतात, म्हणजे अंधार पडणारच. अंधारात दिवे नसलेले ट्रक, रस्त्यावर बसलेली गुरे आणि डुलकी लागलेला चालक हे तिन्ही एकत्र येतात. २०१० साली या रॅलीत सहभागी झालेल्या एका ब्रिटिश तरुणाचा इराणमध्ये रस्ते अपघातात मृत्यू झाला. तेव्हा मुलीला "जाऊ नकोस" असे सांगण्याऐवजी "सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, आणि त्यासाठी सहाऐवजी आठ आठवड्यांची रजा काढ" असे सांगावे. रजा मिळत नसेल तर मार्ग छोटा करावा. तिघीही चांगल्या चालक असाव्यात हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण दोन तासांनी चाक दुसऱ्याच्या हाती देता आले नाही तर हा नियम चार दिवसांत मोडतो.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे तिघींचे पासपोर्ट कोणत्या देशांचे आहेत. मैत्रिणी ब्रिटिश नागरिक असतील आणि आपली मुलगी भारतीय, तर एकाच गाडीत बसलेल्या तिघींना व्हिसाचे वेगवेगळे नियम लागू होतील. कझाकस्तान भारतीय पासपोर्टवर चौदा दिवस व्हिसाशिवाय राहू देतो, पण त्या प्रचंड देशाचा पल्ला गाडी बिघडल्यास चौदा दिवसांना भारी पडू शकतो. तुर्कमेनिस्तानचा संक्रमण (ट्रान्झिट) व्हिसा मोजक्या दिवसांचा असतो. इराणमध्ये ब्रिटिश नागरिकांना अधिकृत वाटाड्याशिवाय फिरता येत नाही, आणि सध्याच्या परिस्थितीत तर तो मार्ग विचारातही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला पर्याय असे तो जॉर्जिया, अझरबैजान आणि तिथून कॅस्पियन समुद्र ओलांडणाऱ्या मालवाहू बोटीचा, पण २०२० साली अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या, म्हणून त्या उघडल्या आहेत का हे आधी पाहावे. या बोटीला ठरलेले वेळापत्रक नसते. माल भरला आणि हवामान निवळले की ती सुटते, आणि बंदरावर गाडीतच झोपून तीन-चार दिवस वाट पाहावी लागणे ही तिथली नेहमीची बाब आहे.

प्रश्न : माझे स्वतःचे गॅरेज आहे. अशा प्रवासासाठी कोणती गाडी निवडाल आणि तिच्यात नेमके काय काम कराल? (गॅरेजमालक, कराड)

आपण या धंद्यातले आहात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गाडीची निवड ती जिथे विकत घेतली त्या देशाकडे पाहून करू नये. ती जिथे बंद पडण्याची शक्यता आहे त्या देशाकडे पाहून करावी. बहुतेक जण इथेच चुकतात. इंग्लंडमध्ये स्वस्त मिळते म्हणून एखादी फ्रेंच किंवा इटालियन बनावटीची छोटी गाडी घेतात आणि उझबेकिस्तानात तिच्या क्लच केबलसाठी आठवडाभर अडकून पडतात. त्याच उझबेकिस्तानात देवू मॅटिझ ही गाडी अनेक वर्षे तयार होत होती, रस्त्यावर जिकडे तिकडे ती दिसते आणि तिचे सुटे भाग बाजारात सहज मिळतात. आपल्याकडेही मॅटिझ विकली जात होती, तेव्हा तिचे आठशे सीसीच्या आतले तीन सिलिंडरचे इंजिन आपल्या हाताखालून गेले असेल. इंग्लंडमध्येही ही गाडी विकली गेली आहे, आणि ती एक लिटरच्या मर्यादेत आरामात बसते. मला निवड करायची असती तर मी दिसायला बऱ्या गाडीच्या आधी मॅटिझ शोधली असती.

दुसरे नाव आपल्याला आवडेल. नव्वदच्या दशकात मारुतीची झेन युरोपात सुझुकी आल्टो या नावाने निर्यात होत असे. तिचे इंजिन ९९३ सीसीचे, म्हणजे नियमाच्या काठावर पण आत. तिचे काम आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकला पाठ आहे, आणि परदेशातून फोनवर सल्ला विचारायचा झाला तर असा माणूस ओळखीचा असणे फार उपयोगी पडते. मायक्राही चांगली, तिचे एक लिटरचे इंजिन चिवट असते. मात्र गंजलेली मायक्रा घेऊ नये. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी वरून चकचकीत असली तरी खालची पट्टी, मागचे आर्म आणि ब्रेकचे पाइप सडलेले असू शकतात. जॅकवर घेऊन, टोचणीने टोचून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कामाबद्दल बोलायचे तर इंजिनची ताकद वाढवण्यावर एक रुपयाही खर्च करू नये. पैसे तीन ठिकाणी घालावेत. पहिले ठिकाण म्हणजे कूलिंग. रेडिएटर उतरवून साफ करावा, सगळे होज, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच नवा बसवावा, पाण्याचा पंप थोडा जरी पाझरत असेल तरी बदलावा. चढावर तापमान वर गेले की केबिनचा हीटर पूर्ण चालू करायला चालकाला शिकवावे, कारण तो छोटा रेडिएटरच आहे आणि चाळीस अंशांच्या उन्हात कितीही नकोसा वाटला तरी तो हेड वाचवतो. रेडिएटरला बारीक भोक पडले तर आपल्याकडचे जुने चालक हळद टाकतात हे आपल्याला माहीत आहेच. ती तात्पुरती युक्ती आहे, त्यामुळे पुढच्या गावात रेडिएटर धुऊन घ्यायचाच.

दुसरे ठिकाण चाके. अलॉय रिम काढून लोखंडी रिम बसवावी. खड्ड्यात अलॉय तडकते आणि संपते, लोखंडी रिम वाकते आणि हातोड्याने ठोकून पुन्हा गोल करता येते. जादा चाके दोन असावीत, तीही रिमसकट. कमी उंचीच्या रुंद टायरपेक्षा जाड बाजूचा, थोडा अरुंद टायर या रस्त्यांना मानवतो.

तिसरे ठिकाण म्हणजे गाडीचे पोट. ऑइल संप, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, फुटणे हे या प्रवासातले सर्वांत मोठे दुखणे आहे. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे कवच चेसिसला बोल्टने बसवावे. वेल्डिंगने कायमचे जोडू नये, नाहीतर क्लचचे काम निघाले की कटरने कापावे लागेल. ड्रेन प्लगच्या बरोबर खाली मोठे भोक ठेवावे आणि मागच्या बाजूला फट ठेवावी, म्हणजे गरम हवा निघून जाते आणि चिखल साचत नाही. मी पाहिलेल्या एका गाडीत हे भोक ठेवायचे राहून गेले होते, आणि तिच्या मालकाला प्रत्येक ऑइल बदलताना सहा बोल्ट खोलावे लागत. तिसऱ्या वेळी त्याने दोन बोल्ट परत बसवलेच नाहीत, आणि पुढे ते कवच सुटून रस्त्यावर घासत गेले.

चौथी गोष्ट करायची नाही, टाळायची आहे, ती म्हणजे वजन. छतावरच्या कॅरिअरवर तंबू, खुर्च्या, जेरी कॅन आणि दोन चाके चढवली की छोट्या गाडीचा तोल जातो आणि मागच्या स्प्रिंग बसतात. शक्य ते सगळे खाली आणि पुढच्या सीटच्या जवळ ठेवावे. छतावर जायचेच तर ते हलके सामान, म्हणजे झोपण्याच्या पिशव्या आणि कपडे. मागच्या स्प्रिंग थोड्या कडक करून घेतल्या तर चालते, पण त्या भरवशावर सामान वाढवू नये.

उंचीचाही विचार करावा लागतो. ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग अक-बैताल खिंडीत ४,६५५ मीटरवर जातो. तिथे हवा इतकी विरळ असते की टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण चाळीस टक्के ताकद कमी होते. पंचावन्न अश्वशक्तीची मायक्रा तिथे तेहतीस अश्वशक्तीची होते आणि भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्येही कुरकुरते. कार्बोरेटरची गाडी असेल तर मिश्रण जाड होऊन काळा धूर येतो, म्हणून लहान जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) सोबत ठेवावा. उझबेकिस्तानात अनेक पंपांवर ८० ऑक्टेनचे, म्हणजे हलक्या प्रतीचे, पेट्रोल मिळते आणि बऱ्याच गाड्या गॅसवर चालत असल्याने चांगल्या पेट्रोलसाठी शोधाशोध करावी लागते. कमी कॉम्प्रेशनचे जुने इंजिन ते पचवते. खटखट आवाज येऊ लागला तर ठिणगीचे टायमिंग थोडे मागे घेऊन, टॉप गिअरमध्ये जोर न देता चालवावे.

हत्यारांची यादी मी देत नाही, ती आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. एवढेच सुचवतो की निघण्याआधी प्रवासाला जाणाऱ्यांपैकी दोघांना आपल्या गॅरेजमध्ये आठ दिवस बसवावे आणि त्यांच्याच हातांनी चाकाचे बेअरिंग, अल्टरनेटरचा पट्टा आणि ब्रेक पॅड बदलून घ्यावेत.

प्रश्न : १९६८ साली मी गिरगावात राहणारा शाळकरी मुलगा होतो. लंडनहून निघालेल्या मोटारी मुंबईत आल्या होत्या आणि त्या पाहायला वडील मला घेऊन गेले होते. त्या शर्यतीचे आणि आजच्या या प्रवासांचे काही नाते आहे का? (वाचक, मुंबई)

आपण पाहिली ती लंडन-सिडनी मॅरेथॉन. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या, पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली करत डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत आल्या आणि इथून 'चुसान' या जहाजाने ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदराला गेल्या. आघाडीवर असलेली सिट्रोएन सिडनी जवळ आले असताना समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली, आणि स्कॉटलंडच्या अँड्र्यू कोवनने साध्यासुध्या हिलमन हंटरमध्ये शर्यत जिंकली. एकूण ५६ गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या. आपण त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या याचा मला मनापासून हेवा वाटतो. त्या वेळच्या आठवणी आपण लिहून काढाव्यात, अशी विनंती करतो.

नाते आहे, पण सख्खे नाही. १९६८ ची स्पर्धा वेळेची होती, मोठ्या कंपन्यांचे संघ आणि व्यावसायिक चालक तिच्यात होते आणि बक्षीस दहा हजार पौंडांचे होते. आजच्या हौशी प्रवासांचे नाते माझ्या मते त्याहून मागे, १९०७ च्या पेकिंग-पॅरिस प्रवासाशी जास्त जुळते. 'ल मातँ' या फ्रेंच वृत्तपत्राने आव्हान दिले आणि त्या वर्षी १० जूनला पाच वाहने पेकिंगहून निघाली. नियम जवळपास नव्हतेच. इटलीचा प्रिन्स बोर्गेझे आपल्या मोठ्या इटाला गाडीत दोन महिन्यांनी, १० ऑगस्टला, पॅरिसला पहिला पोहोचला. पण मला त्या प्रवासातले तीनचाकी काँताल वाहन जास्त आठवते. ते सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त होते, गोबीच्या वाळूत त्याचे पेट्रोल संपले आणि त्याच्या चालकांना तिथल्या लोकांनी वाचवले. डच बनावटीची स्पायकर गाडी चालवणाऱ्या शार्ल गोदारकडे तर प्रवासाला पुरेसे पैसेही नव्हते, तो वाटेत उसनवारी करत पुढे गेला. आजच्या हौशी प्रवाशांचे खरे पूर्वज काँतालचे चालक आणि गोदार हे आहेत, असे मी मानतो.

प्रश्न : श्रीमंत देशांतल्या तरुणांनी आपल्या भंगार गाड्या गरीब देशांत नेऊन टाकायच्या आणि त्याला धर्मादाय म्हणायचे, हे आपल्याला पटते का? (प्राध्यापक, नागपूर)

पूर्णपणे पटत नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

या बाबतीत निरनिराळ्या उपक्रमांत फरक आहे. २००३ च्या सुमारास इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ज्युलियन नोविल या शेअर दलालाने पॅरिस-डाकार या खर्चिक शर्यतीला पर्याय म्हणून प्लिमथहून निघणारा प्रवास सुरू केला. गाडी शंभर पौंडांच्या आत घ्यायची आणि तयारीवर पंधरा पौंड खर्च करायचे, अशी त्याची मूळ कल्पना होती. मोरोक्को, पश्चिम सहारा, मॉरिटानिया आणि सेनेगल पार करून गाड्या गांबियाची राजधानी बांजुलला पोहोचतात. तिथे त्यांचा लिलाव होतो आणि पैसे स्थानिक संस्थांना जातात. गांबियात वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्याच गाड्या न्याव्या लागतात, म्हणजे इंग्लंडातली कुठलीही भंगार गाडी तिथे चालत नाही. शिवाय एवढी वाळू आणि खड्डे सोसून जी गाडी पोहोचते ती मुळात चालती असते, आणि लिलावात तिला किंमत देणारा माणूस ती टॅक्सी म्हणून पुढे कित्येक वर्षे वापरतो. इथे देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचाही हिशेब बसतो, असे मला वाटते.

मंगोलियात हा हिशेब तितका साधा राहिला नाही. जुन्या गाड्यांच्या आयातीवर तिथे निर्बंध आणि कर आले, अर्धमेल्या गाड्यांचे करायचे काय असा प्रश्न उभा राहिला, आणि शेवटचे ठिकाण देशाबाहेर हलवण्यामागे हे मोठे कारण होते. देशाने आपला दरवाजा असा लावून घेतला यात मला गैर काहीच दिसत नाही. आपल्याकडे कोणी परदेशातून वीस वर्षांच्या गाड्या आणून सोडू लागला तर आपणही हेच करू.

मला सर्वांत स्वच्छ वाटतो तो फ्रान्समधला 'फोर-एल ट्रॉफी' हा विद्यार्थ्यांचा प्रवास. १९९७ पासून दरवर्षी शेकडो विद्यार्थी रेनो ४ या जुन्या गाडीतून मोरोक्कोला जातात. सोबत तिथल्या मुलांसाठी शालेय साहित्य नेतात, वाळवंटात वेगावर नाही तर कमीत कमी अंतर कापून वाट शोधण्यावर क्रमांक लावतात आणि गाडी परत घेऊन येतात. जी गाडी आपण नेली ती आपणच परत आणायची, हे तत्त्व सर्वच प्रवासांत आले तर आपल्या आक्षेपाचे बरेचसे निराकरण होईल. आधीच्या पत्रातल्या मायक्राविषयीही माझे हेच म्हणणे आहे. परतीचा खर्च, मग तो रेल्वेने गाडी पाठवण्याचा असो किंवा चालवत आणण्याचा, निघण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावा. तसे केले नाही तर शेवटच्या गावात, थकलेल्या अवस्थेत, गाडी कोणाच्या तरी गळ्यात मारण्याचा मोह होतो.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र पुण्यातून जुनी गाडी घेऊन युरोपपर्यंत जाण्याचा विचार करत आहोत. कागदपत्रे कोणती लागतील? की आधी भारतातच रिक्षा रन करावी? (अभियांत्रिकी विद्यार्थी, पुणे)

आपल्या गाडीने जमिनीवरून पश्चिमेकडे जाण्याचे दरवाजे सध्या जवळजवळ बंद आहेत. अटारी सीमा एप्रिल २०२५ पासून बंद आहे आणि म्यानमारमधली परिस्थिती गाडीने जाण्यासारखी नाही. नेपाळ आणि तिबेटमार्गे चीनमधून जाता येते, पण तिथे परदेशी गाडीसाठी तात्पुरता क्रमांक, तात्पुरता परवाना आणि संपूर्ण प्रवासात सोबत चिनी वाटाडा लागतो. हा खर्च विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला नाही. चौघांनी मिळून तो पेलायचा म्हटला तरी स्वस्त गाडी घेण्यात काही अर्थ उरत नाही.

तरीही कागदपत्रांचे समजून घ्या, कारण पुढे मागे ते उपयोगी पडेल. परदेशात गाडी तात्पुरती नेताना अनेक देश कार्ने नावाचे पुस्तक मागतात. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत जाईल, याची ती हमी असते, आणि तिच्यासाठी मोठी अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करते. प्रत्येक सीमेवर प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही शिक्के बसल्याची खात्री करावी. निर्गमनाचा शिक्का राहिला तर वर्षभरानंतरही अनामत अडकते, म्हणून खिडकीपासून हलण्याआधी पान उघडून दोन जणांनी पाहावे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून मिळतो आणि एक वर्ष चालतो. तो रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो, तर काही देश १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मागतात, म्हणून मार्गावरच्या प्रत्येक देशाचे आधी तपासावे. तुर्कस्तानात गाडी चालकाच्या पासपोर्टच्या नोंदीवर चढते, त्यामुळे गाडी बंद पडली म्हणून ती टाकून विमानाने परत येता येत नाही, सीमाशुल्क खात्याकडे तिचा रीतसर निकाल लावावा लागतो. विमा बहुतेक ठिकाणी सीमेवरच काढावा लागतो.

रिक्षा रन हा पर्याय मला आपल्यासाठी जास्त योग्य वाटतो. मंगोल रॅलीच्याच आयोजकांनी २००६ पासून भारतात तो सुरू केला. परदेशी मंडळी आपल्याच महाराष्ट्रातल्या कंपनीच्या, साधारण १४५ सीसीच्या, सातेक अश्वशक्तीच्या रिक्षा घेऊन कोचीहून जैसलमेर किंवा जैसलमेरहून शिलाँग असा सुमारे दोन आठवड्यांचा प्रवास करतात. त्याचे प्रवेशशुल्क पौंडांत असल्याने ते आपल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. रिक्षा चालवण्याचा बिल्ला, परमिट आणि राज्याबाहेर नेण्याची परवानगी यांविषयी आरटीओत लेखी विचारणा करावी, रिक्षा जमत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एखादी जुनी मारुती आठशे किंवा झेन घ्यावी. मात्र तिचे फिटनेस आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू असले पाहिजे. दिल्लीत जुन्या गाड्यांचे नियम कडक आहेत, म्हणून मार्ग आखताना दिल्लीला वळसा घालावा.

पहिला टप्पा पुणे ते कन्याकुमारी आणि परत असा करावा. एक्स्प्रेसवे टाळून, कोकणातल्या आणि मलबारच्या किनाऱ्याच्या रस्त्याने, दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त न जाता. गाडीत एक वही ठेवावी. रोज संध्याकाळी तिच्यात किलोमीटर, पेट्रोल, पाण्याची पातळी, ऑइलची पातळी आणि दुरुस्ती कोणी, कशी, किती पैशांत केली हे लिहावे. परत आल्यावर ती वही घेऊन या, आपण पुढचा मार्ग नकाशावर मिळून आखू.